आधी हिशेब, मग क्षमा: घरात, वाड्यावर आणि इगर्जीत (चर्चमध्ये) क्षमा पाळायची कशी

गोव्यातल्या आमच्या वाड्यावरच्या ख्रिस्ती समूहाच्या प्रार्थनेनंतर, चहा होईपर्यंत, कुणी ना कुणी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारतं. "मी क्षमा केली. कुमसार झाला, फादरांपुढे पापं कबूल केली, त्यांनी सांगितलेल्या प्रार्थना केल्या. तरी त्याचं नाव निघालं की छातीत गोळा येतो. माझं काय चुकतं?" विचारणाऱ्याची इच्छा खरी असते. चुकतो तो क्रम. माणूस एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारतो, हात मिळवतो, "झालं गेलं विसरू या" म्हणतो. आपण सोडलं ते नेमकं काय, हे मात्र त्याने कधी पाहिलेलंच नसतं. मग पुढच्या फेस्ताला जेवताना एखादा शब्द लागतो आणि दहा वर्षांचं सगळं ताटात येऊन पडतं.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायातल्या दृष्टांतात राजा आपल्या नोकराचं कर्ज सोडतो हे आपण लक्षात ठेवतो. त्याआधी तो हिशेब घ्यायला बसतो, हे विसरतो. दहा हजार तालांत (त्या काळचं मोठं नाणेमाप) येणं आहे हे आधी समोर आलं, मग ते सुटलं. आपल्या मराठी शास्त्रातली प्रभूची प्रार्थनाही तीच भाषा बोलते: "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे". ऋण किती हेच माहीत नसेल, तर सोडायचं काय?

खालचा क्रम मी स्वतःवर वापरला आहे आणि समूहातल्या काही जणांबरोबर बसून करूनही घेतला आहे. पुढे माझ्या थोरल्या भावाचं आणि आईच्या पाटल्यांचं प्रकरण मधूनमधून येईल. ते लिहायला भावाने हो म्हटलं आहे.

## आधी गाळणी लावा

प्रत्येक गोष्टीला हा सगळा मार्ग लागत नाही. शेजाऱ्याच्या माडाची झावळी तुमच्या कौलांवर पडली, मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) तुमच्या नेहमीच्या बाकावर कुणी बसलं, जावेने नेवऱ्यांना नाव ठेवलं, अशा गोष्टींना बायबलच्या नीतिसूत्रांतला 19:11 पुरे. अपराधाकडे कानाडोळा करणं माणसाला शोभतं, असं तिथे म्हटलं आहे. रात्री झोपताना ती गोष्ट आठवली नाही तर सोडून द्या.

तीन आठवड्यांनंतरही तीच गोष्ट आठवत असेल, ती तिऱ्हाइताला सांगावीशी वाटत असेल, किंवा त्या माणसाला टाळायला तुम्ही वाट बदलत असाल, तर पुढे वाचा.

## थांबा: इथे आधी सुरक्षितता

मारहाण, धमकी, छळ चालू असेल तर आधी तिथून बाहेर पडा. क्षमेचं काम नंतर. "बायबल क्षमा करायला सांगतं, परत जा" असं नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला सांगणारी चांगली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांनी फार नुकसान केलं आहे. महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098, तातडीच्या मदतीसाठी 112 हे क्रमांक लावा.

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर ते घरातल्या घरात "माफ" करून मिटवायचा अधिकार कुणालाच नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कुटुंबाची अब्रू, पॅरिशचं नाव, करणाऱ्याचं वय, यातलं काहीही आड आणू नका.

कायदा आणि क्षमा एकत्र चालतात. मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना जानेवारी 1999 मध्ये ओडिशात जिवंत जाळलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं उघडपणे सांगितलं. खटलाही चालला, शिक्षाही झाली. खटला थांबवला तरच क्षमा खरी, अशी अट शास्त्रात कुठे नाही.

## तयारी

चार गोष्टी लागतात.

एक वही, जी घरात दुसरं कुणी उघडत नाही. फोनमध्ये लिहू नका. फोन पोरांच्या हातात जातो, आणि रागाच्या भरात स्क्रीनशॉट काढून पाठवायला क्षण लागतो.

सलग एक तास, तीन वेगवेगळ्या दिवशी. सगळं एका दमात उरकायला बसलात, तर दुसरा टप्पा आपोआप गळेल. तो सगळ्यांनाच नकोसा असतो.

एक माणूस, जो ऐकेल आणि गप्प बसेल. तो त्या भांडणातला नसावा, दोन्ही घरांत त्याची जेवणं होत नसावीत. फादर असतील तर उत्तम, पण एक लक्षात ठेवा. कुमसारात सांगितलेलं ते कुणाला सांगू शकत नाहीत आणि बाहेर त्यावर काही करूही शकत नाहीत. त्यांनी पुढे मध्यस्थी करावी असं वाटत असेल, तर कुमसाराबाहेर वेळ मागून बोला. हा फरक माहीत नसल्याने लोक फादरांवर रुसतात: "सगळं सांगूनसुद्धा त्यांनी भावाला विचारलं नाही."

चौथी गोष्ट, घाई नसणं. "सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडा" हे इफिसकरांच्या पत्रातलं वचन घरोघरी नीट न समजता वापरलं जातं. दिवसभरात झालेली बोलाचाली रात्री मिटवा, हे ठीक. वर्षानुवर्षांची जखम संध्याकाळी सातच्या आत बरी झाली पाहिजे, असा अर्थ काढून रडणाऱ्या माणसाकडून "केलं माफ" वदवून घेऊ नका.

## टप्पा 1: ऋण लिहा

वहीच्या पानावर तीन रकाने पाडा. त्याने काय केलं. त्यामुळे माझं काय गेलं. त्याचा आज काय परिणाम आहे.

पहिल्या रकान्यात फक्त कृती लिहा. "तो स्वार्थी आहे" हे ऋण होत नाही, ते मत झालं. "वडिलांच्या तेराव्या महिन्यात माझ्याशी न बोलता माडांचा ठेका दिला" हे ऋण.

माझ्या पानावर पहिली ओळ होती: आईच्या चार तोळ्यांच्या पाटल्या भावाने नेल्या, परत केल्या नाहीत. सहा वर्षं मी हेच भांडण भांडत होते. लिहून झालं, मी पेन ठेवलं, आणि मग पुन्हा उचललं. दुसरी ओळ आली: आईच्या शेवटच्या रात्री त्याने मला फोन केला नाही. तो वास्कोला, हॉस्पिटलच्या जवळ. मी म्हापशात. पहाटे शेजारणीने सांगितलं तेव्हा आई जाऊन चार तास झाले होते. ही ओळ लिहिताना कळलं, की सोन्याचं मला एवढं पडलेलं नव्हतं. फोनबद्दल बोलायला तोंड उघडत नव्हतं, म्हणून मी पाटल्यांबद्दल बोलत होते.

जवळजवळ प्रत्येकाच्या पानावर असं होतं. ज्यावरून भांडण चालू असतं ते वर असतं आणि खरं देणं दोन-तीन ओळी खाली. म्हणून पहिल्या बैठकीत थांबू नका, दुसऱ्या दिवशी तेच पान पुन्हा उघडा.

नेहमीची चूक: ऋण कमी करून लिहिणं. "तसं फार काही नाही, मलाच जास्त लागतं." दृष्टांतात कर्ज सुटलेल्या नोकराचं दुसऱ्या नोकराकडे शंभर दिनार येणं होतं. एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, म्हणजे शंभर दिवसांची कमाई. किरकोळ रक्कम नव्हती ती. प्रभूने तुमचं येणं खोटं ठरवलेलं नाही, तुम्हीही ठरवू नका.

दुसरी चूक: दुसऱ्याचं ऋण आपल्या पानावर घेणं. बहिणीला सासरी जे सोसावं लागलं, ते तिचं. तुम्हाला त्याचा ताप झाला असेल तर तेवढंच लिहा. या मुद्द्यावर सहाव्या टप्प्यात परत यायचं आहे.

## टप्पा 2: आपल्या नावावरचं पान

आता उलट बाजू. त्याच माणसाशी तुम्ही काय केलंत? तेच तीन रकाने.

इथे लोक अडतात, कारण त्यांना वाटतं यामुळे समोरच्याचा गुन्हा हलका होतो. होत नाही. दोन्ही पानं वेगळी आहेत आणि वेगळीच राहतात, बेरीज-वजाबाकी करायची नाही. माझ्या पानावर आलं: सहा वर्षं कुणी भावाचं कौतुक केलं की मी म्हणत असे, "हो, पण आईच्या पाटल्यांचं विचारा त्याला." त्याच्या मुलीच्या पहिल्या कोमुन्यांवाला (पहिल्यांदा प्रभुभोजन घेण्याच्या सोहळ्याला) ताप आल्याचं खोटं सांगून मी गेले नव्हते. ती पोर तेव्हा नऊ वर्षांची होती. पाटल्या काही तिने नेल्या नव्हत्या.

याच बैठकीत देवापुढचं आपलं खातं मनात आणा. तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार. दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस धरले तर दोन लाख वर्षांची. एवढं सुटलेला माणूस दारातून बाहेर पडतो आणि शंभर दिनारांसाठी दुसऱ्याची मानगूट धरतो. हा आकडा मला पूर्वी अतिशयोक्ती वाटायचा. आपलं पान लिहून झाल्यावर तो वाचला, तेव्हा तसा वाटला नाही.

कॅथलिक असाल तर हे दुसरं पान घेऊन कुमसाराला जा. पहिलं पान नेऊ नका. भावाची पापं सांगायला आपण तिथे जात नाही.

तपासा: दुसऱ्या पानावर एकही ओळ आली नाही? कधीकधी ते खरं असतं, विशेषतः लहानपणी कुणी त्रास दिला असेल तेव्हा. तिथे ओढूनताणून आपला दोष शोधू नका, रिकामं पान रिकामं ठेवा. पण प्रकरण भावंडांचं, शेजाऱ्यांचं, नवरा-बायकोचं असेल आणि पान कोरं असेल, तर ऐकणाऱ्या माणसाला एकदा दाखवा.

## टप्पा 3: देवापुढे सोडा

इथे एक गोंधळ सोडवायला हवा. लूक 17:3 म्हणतो, भावाने पश्चात्ताप केला तर त्याला क्षमा कर. मार्क 11:25 म्हणतो, प्रार्थनेला उभे असताना कुणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा. तिथे समोरच्याच्या पश्चात्तापाची अट नाही. मग खरं कोणतं? दोन्ही. मार्कमधली गोष्ट तुमची आणि देवाची आहे, ती आजच होऊ शकते. लूकमधली दोघा माणसांची आहे, तिला दुसऱ्याचं मन लागतं. तिसरा टप्पा मार्कचा, पाचवा लूकचा. "त्याने माफी मागेपर्यंत मी क्षमा कशी करू?" हा प्रश्न या दोन टप्प्यांची गल्लत झाल्यामुळे पडतो.

कसं करायचं: पान समोर घ्या. एकेक ओळ मोठ्याने वाचा. प्रत्येक ओळीनंतर साध्या शब्दांत म्हणा, "प्रभू, याने हे केलं. माझं हे गेलं. हे ऋण मी तुझ्या हाती देते. याची वसुली मी करणार नाही." मग पुढची ओळ. एखाद्या ओळीपाशी शब्द फुटले नाहीत, तर तिच्यापुढे खूण करा आणि तिथेच थांबा. "प्रभू, ही ओळ मला अजून सोडवत नाही" हीसुद्धा प्रार्थना आहे. मला दुसरी ओळ सोडायला लेंतचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे, पाच आठवडे लागले. दर शुक्रवारी खुरसाच्या वाटेच्या प्रार्थनेहून आले की वही उघडायची, आणि पुन्हा मिटायची.

आता वसुली म्हणजे काय, ते नीट पाहा, कारण सगळा टप्पा यावरच उभा आहे. पैसे मागणं ही वसुली बहुधा नसतेच. आपण जी करतो ती अशी:

- टोमणा. तोही दुसऱ्यांसमोर मारलेला.
- नव्या माणसाला जुनी गोष्ट सांगणं. नव्या सुनेला, नव्या शेजाऱ्याला, नव्याने आलेल्या फादरांना.
- अबोला. फोन उचलायचा, पण "हं" आणि "बरं" एवढंच बोलायचं.
- त्याच्या मुलाबाळांवर राग काढणं.
- त्याचं काही वाईट झालं की मनात चुकता केलेला हप्ता जमा करणं.
- प्रार्थनेतून त्याचं नाव गाळणं.

यातली तुमची सवय कोणती, ती वहीत लिहा आणि तेवढी एकच बंद करायचं ठरवा. सगळ्या एकदम सुटत नाहीत. मी "पाटल्यांचं विचारा त्याला" हे वाक्य बंद केलं. तोंडावर येई आणि मी पाणी प्यायला उठे. दोन महिन्यांत ते येईनासं झालं.

तपासा, पुढे जाण्यापूर्वी: त्या माणसाची एखादी खरी गरज तुम्हाला माहीत आहे का, आणि तिच्यासाठी प्रार्थना करता येते का? "त्याला सद्बुद्धी दे" ही प्रार्थना धरायची नाही. त्याची गुडघेदुखी, त्याच्या मुलाची आखातातली नोकरी, असं काही. ते जमलं तर पुढे चला.

आता पहिलं पान फाडा किंवा चुलीत घाला. दुसरं पान ठेवा, ते पाचव्या टप्प्यात लागेल.

## टप्पा 4: भेटायचं का, ते ठरवा

क्षमा केली म्हणजे भेटलंच पाहिजे असं नाही. रोमकरांस पत्र 12:18 नीट वाचा: शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सर्वांशी शांतीने राहा. दोन अटी तिथेच घातल्या आहेत.

तो माणूस अजून धोकादायक असेल, अजून खोटं बोलत असेल, किंवा भेट म्हणजे पैसे काढायची संधी असं त्याला वाटत असेल, तर भेटू नका. तिसरा टप्पा पूर्ण आहे. तुम्ही काही कमी केलेलं नाही.

तो मेला असेल, तर टप्पा इथेच संपतो, पण एक काम राहतं. 2 नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी सिमितेरीत (दफनभूमीत) मेणबत्ती लावताना त्याच्या नावाने एक लावा आणि मिस्सेत नाव घाला. मोठ्याने नाव घेणं सोपं नसतं.

बाकीच्यांनी वेळ निवडावी. सिस्टर रानी मारिया यांचा 25 फेब्रुवारी 1995 ला मध्य प्रदेशात बसमध्ये खून झाला. त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टर, मारेकऱ्याला तुरुंगात जाऊन राखी बांधली ती 2002 मध्ये. मध्ये सात वर्षं गेली. तुम्हाला सात महिने लागले तर स्वतःला दोष देऊ नका.

## टप्पा 5: एकट्याने, समोरासमोर

मत्तय 18:15 चा क्रम स्पष्ट आहे. आधी तू आणि तो, दोघंच. ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन. त्यानंतर मंडळी. आपल्याकडे हे नेमकं उलटं होतं. आधी अख्ख्या वाड्याला कळतं, मग फादरांना, शेवटी ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्याला.

जागा आणि वेळ: त्याच्या घरी किंवा तुमच्या बलकांवात (दारापुढच्या ओट्यावर). मिस्सेनंतर इगर्जीच्या दारात नको, तिथे लोक बघत असतात. दुपारी दोन ते चार नको, त्याची झोप मोडून सुरुवात करू नका. संध्याकाळी पेले भरल्यानंतर तर मुळीच नको. फेणीच्या भरात झालेले समेट मी पुष्कळ पाहिले, गळ्यात गळे, डोळ्यांत पाणी. सकाळी कोण काय म्हणालं ते दोघांनाही आठवत नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक शब्दही नको.

बोलण्याचा क्रम: आधी तुमचं दुसरं पान. मग पहिल्यातली एकच ओळ, सगळ्यांत खालची. मग गप्प बसा.

मी वास्कोला गेले तेव्हा सांगितलं, "दादा, तुझ्या मुलीच्या कोमुन्यांवाला मला ताप नव्हता. मी मुद्दाम आले नाही. चुकलं माझं." तो बघतच राहिला. मग म्हटलं, "आईच्या रात्री तू मला फोन केला नाहीस. मला तिला बघायचं होतं." पुढे काही बोलायचं नाही असं ठरवून गेले होते, म्हणून टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या कापडाची घडी बोटाने सारखी करत बसले. बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, "पाटल्या विकल्या नव्हत्या गं. गहाण टाकल्या होत्या. सोडवता आल्या नाहीत. तू आलीस तर पहिलं तेच विचारशील, म्हणून फोन हातात घेतला नि ठेवला."

मी तिथे पाटल्यांची यादी घेऊन गेले असते, तर हे वाक्य मला कधीच ऐकायला मिळालं नसतं.

काय म्हणू नये: "मी तुला क्षमा केली आहे", हे सुरुवातीलाच. समोरच्याला आपण काय केलं हेच अजून माहीत नसतं, आणि त्याच्यावर निकाल वाचल्यासारखं होतं. त्याने मागितल्यावर सांगा. "काही नाही रे, जाऊ दे" असंही म्हणू नका, काही तरी होतं म्हणूनच तुम्ही आलात. "केली क्षमा" एवढे दोन शब्द पुरतात.

त्याने नाकारलं, उलट तुम्हालाच सुनावलं, तर वाद घालू नका. "मला एवढंच सांगायचं होतं" म्हणून उठा. महिनाभराने, दोघांनाही मान्य असलेला एक माणूस घेऊन परत जा. तरीही नाही म्हणाला तर चौथ्या टप्प्यावर परत या.

## टप्पा 6: भरपाई, वाटणी, कागद

इथे भाविक माणसंच जास्त घसरतात.

जकातदार जक्कयाने घेतलेलं चौपट परत करतो म्हटलं, तेव्हा प्रभूने त्याला "राहू दे" म्हटलं नाही. फिलेमोनाला त्याच्या दासाबद्दल पौल लिहितो, तो तुझं काही देणं लागत असेल तर ते माझ्या हिशेबी मांड. देणं हवेत विरत नाही, ते कुणीतरी उचलतं. कॅथलिक शिकवणीतही कुमसाराने पाप सुटतं, चोरलेली वस्तू परत करायची जबाबदारी सुटत नाही.

तुम्ही तुमचा वाटा सोडू शकता, दुसऱ्याचा नाही. पाटल्यांमध्ये आम्हा तिघा भावंडांचा सारखा वाटा होता. माझा मी सोडला. धाकटीचा सोडायला मी कोण? ती कुडाळला असते, हात तंग आहे, तिला पैसे हवे होते. भावाने तिचा भाग चार हप्त्यांत द्यायचं कबूल केलं, आणि आम्ही ते साध्या कागदावर लिहून तिघांच्या सह्या केल्या. सुरुवातीला त्याला कागदाचा राग आला: "मग क्षमा कसली केलीस?" मी म्हटलं, "मी माझी केली. हा तिचा कागद आहे."

घर-जमिनीच्या बाबतीत सावध राहा. क्षमेच्या भरात हक्कसोडीच्या कागदावर सही करू नका. रिट्रीटहून आलात, मन भरून आलंय, भाऊ रडतोय, पुढ्यात कागद आहे, तर म्हणा, "पंधरा दिवसांनी." गोव्याच्या कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता साधारणपणे सामाईक असते, आणि घर-जमिनीच्या व्यवहाराला दोघांची संमती लागते. तुमचं उदार मन तुमच्या जोडीदाराचा हक्क देऊ शकत नाही. वकिलाला दाखवा. पंधरा दिवसांनीही सोडावंसं वाटलं, जोडीदारही हो म्हणाला, तर आनंदाने सोडा.

इन्व्हेंटरीसाठी कोर्टात जाणं म्हणजे भावाला कोर्टात खेचणं, असं समजून लोक घर कुजू देतात. भावाने भावाला कोर्टात नेऊ नये असं सांगणारा करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय पुढे करतात. इन्व्हेंटरीत वारस कोण, मालमत्ता कोणती, वाटे कसे हे ठरतं. तो गुन्ह्याचा खटला नसतो. कौलं कोसळलेल्या घराच्या तीन कुलूपबंद दारांपेक्षा स्वच्छ वाटणीने नाती जास्त टिकतात, असं माझं मत आहे. अर्ज करण्यापूर्वी भावाला स्वतः सांगा, नोटिशीतून कळू देऊ नका.

## टप्पा 7: विश्वास, तो सावकाश

क्षमा एका दिवसात देता येते. विश्वास देता येत नाही, तो समोरच्याने परत उभा करायचा असतो. भावांनीच विकून टाकलेल्या योसेफाने त्या भावांना पाहिल्या दिवशी ओळख दिली नाही. त्याने एकट्याने रडून घेतलं, त्यांना पारखलं, आणि बन्यामीनसाठी यहूदा स्वतः गुलाम व्हायला तयार झाला तेव्हा तोंड उघडलं. त्याच्या मनात सूड होता म्हणून हे चाललं नव्हतं. माणसं बदलली का, हे त्याला पाहायचं होतं.

लहान कामांपासून सुरू करा. उसने घेऊन बुडवलेल्या मित्राशी पुन्हा चहा प्या, पैसे देऊ नका. नाताळात नेवऱ्या आणि दोदोलचं ताट पाठवा. ताट परत काही घालून आलं, तर चांगलं. रिकामं आलं, तरी पुढच्या वर्षी पाठवा. दारूत पैसे उडवलेल्या नवऱ्याला क्षमा केल्यावर एटीएम कार्ड परत द्यायचं का? माझं उत्तर: वर्षभर नाही, आणि हे त्याला प्रेमाने, आधीच, स्पष्ट सांगा.

नेहमीची चूक: विश्वास बसत नाही म्हणजे क्षमा खोटी, असं समजून स्वतःला कोसणं. दोन वह्या वेगळ्या आहेत.

## तुम्हीच ऋणी असाल तर

मत्तय 5:23-24 तुमच्यासाठी आहे: अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जा. मिस्सेत प्रभूच्या प्रार्थनेनंतर आणि कोमुन्यांवाआधी आपण एकमेकांना शांती देतो. शेजारच्या बाकाला हात जोडून आणि चौथ्या बाकावरच्या त्या एका माणसाला टाळून कोमुन्यांव घेतलात, तर त्याच आठवड्यात त्याच्या दारात जा.

"तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" म्हणू नका. यात दोष त्याच्या वाटण्यावर जातो. "मी हे केलं. ते चुकीचं होतं. तुझं हे नुकसान झालं. मी हे भरून देईन." एवढं बोला आणि कारणं सांगू नका. त्याने विचारली तरच सांगा. भरपाई बरोबर घेऊन जा, निदान पहिला हप्ता. त्याने क्षमा केली नाही तरी हप्ते चालू ठेवा. दर भेटीला "अजून राग आहे का?" विचारून त्याला परत परत तोडगा काढायला लावू नका.

## राग परत आला तर

येईल. पेत्राला प्रभूने सातांच्या सत्तर वेळा क्षमा कर असं सांगितलं ते चारशे नव्वद नव्या अपराधांसाठीच, असं मला वाटत नाही. एकच अपराध चारशे नव्वद वेळा आठवतो, तेव्हासाठीही ते आहे. आठवण आली म्हणजे क्षमा फुकट गेली, असं धरू नका, आणि पहिल्या टप्प्यापासून सुरुवातही करू नका. ज्या ओळीची आठवण आली तेवढीच, तिसऱ्या टप्प्यातल्या शब्दांत, पुन्हा म्हणा. वसुलीची जुनी सवय परत आली नाही ना, ते त्या दिवसापुरतं पाहा.

गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून येताना एका सराफाच्या काचेत तसल्याच पाटल्या दिसल्या, तसंच जाड काम, कडेला तशीच नक्षी. हातात मासळीची पिशवी, पायरीवर माणसांची ये-जा. तिथेच उभी राहून मी ओळ म्हटली. पाटल्यांची नव्हती, फोनची होती. दोनदा म्हणावी लागली. मग बस आली.